दावीद राहाबी: कोकणच्या शनवार तेल्यांचा गुरू



पेण म्हटलं की गणपतीच्या मूर्ती डोळ्यांसमोर येतात. रोहा म्हटलं की पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं नाव निघतं, कारण ते त्यांचं जन्मगाव. याच दोन गावांवरून पडलेली पेणकर आणि रोहेकर ही आडनावं मात्र आपल्यातल्या तरुण मंडळींनी एका विशिष्ट समाजाच्या संदर्भात कदाचित ऐकली नसतील. तो समाज म्हणजे बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. रोह्यासमोर, कुंडलिकेच्या दुसऱ्या काठावर अष्टमी आहे, तिथले ते अष्टमकर. तळ्याचे तळकर, झिराडचे झिराडकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर. या समाजाची आडनावं एका कागदावर लिहून काढली, तर रायगड जिल्ह्याचा जुना नकाशाच तयार होतो.

आज आपण या समाजाच्या एका गुरूविषयी बोलणार आहोत. त्याचं नाव दावीद राहाबी. त्याने लिहिलेलं एकही पान उपलब्ध नाही, आणि तो नेमका कुठल्या शतकातला यावरही एकमत नाही. तरीही त्याच्याबद्दल बोलायचं, कारण त्याच्या कथेत धर्मविचारातला एक अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्याला ग्रंथ माहीत नाही, प्रार्थनेचा अर्थ माहीत नाही, आपल्या धर्माचं नावही धड सांगता येत नाही, अशा माणसाला त्या धर्माचा म्हणायचं की नाही? आणि हे ठरवायचं कुणी?

आधी या लोकांची स्थिती काय होती ते पाहू. समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि पुढचा सगळा समाज त्यांच्यापासून वाढला. सोबतचे ग्रंथ समुद्रात गेले. हायीम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या समाजाच्या इतिहासात ही घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात घातली आहे. त्यासाठी दिला जाणारा एक पुरावा असा, की या लोकांना हनुका हा सण ठाऊक नव्हता, म्हणजे तो सण सुरू होण्याआधीच ते निघाले असणार. हा तर्क ऐकायला बरा वाटतो, पण तो लंगडा आहे. एखादी गोष्ट माहीत नसणं आणि ती विसरली जाणं, या दोन्हींचा आज दिसणारा परिणाम सारखाच असतो. तेव्हा आपण या तारखेच्या फार मागे लागू नये.

पक्कं काय आहे ते बघा. हे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. म्हणजे शेजाऱ्यांच्या दृष्टीने फरक एका वाराचा होता, एवढंच. हे लोक मुलाची सुंता आठव्या दिवशी करत. शेजारी मुसलमान होते, त्यांच्यातही सुंता होती, पण आठव्या दिवसाचा नेम नव्हता. हा आठवा दिवस म्हणूनच महत्त्वाचा. आणि हिब्रू भाषेतलं एकच वचन त्यांना पाठ होतं, देव एकच आहे असं सांगणारं 'शमा'. जन्म असो, लग्न असो, मयत असो, सगळीकडे तेच म्हणायचं. अर्थ विचारला असता तर बहुतेकांना सांगता आला नसता.

सणांची नावं तर ऐकण्यासारखी आहेत. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. पुढे दारफाळणीचा सण, म्हणजे घराची दारं लावून, उपास करून, कुणाशी संबंध न ठेवता पाळायचा दिवस. जगभरचे ज्यू त्याला योम किप्पूर म्हणतात, प्रायश्चित्ताचा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. मग खिरीचा सण. होळीच्या सुमारास येणारा होळीचा सण. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाच्या शोकाचं नाव काय, तर बिरड्याचा सण! त्या दिवशी वालाचं बिरडं खायचं. आपल्याकडे वालाचं बिरडं काय चीज आहे हे पेण-रोह्याच्या लोकांना मी सांगायला नको. मंदिराची आठवण गेली, जेरुसलेमचं नाव गेलं, पण अमुक दिवशी साधं जेवायचं हे राहिलं.

अशा या लोकांत दावीद राहाबी आला. कथा अशी सांगतात. त्याला संशय आला की हे तेली ज्यू असावेत. त्याने ग्रंथाबद्दल काही विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता. त्याने मासळी आणली आणि स्वयंपाकासाठी घरातल्या बायकांच्या हवाली केली. त्यात दोन्ही प्रकारचे मासे मिसळलेले होते. ज्यू धर्मनियमाप्रमाणे ज्याला पर आणि खवले दोन्ही आहेत असाच मासा खाता येतो. बायकांनी मासळी पाहिली, खवल्यांची वेगळी काढली आणि बाकीची बाजूला सारून सांगितलं, ही आम्ही खात नाही. कथेत माशांची नावं नाहीत. आपण आपल्या बाजारापुरता विचार केला, तर जिताडा एका बाजूला आणि शिंगाळा दुसऱ्या बाजूला, असं काहीसं ते झालं असणार.

राहाबीची खात्री पटली. त्याने या लोकांना धर्माचं शिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतले तीन तरुण निवडून तयार केले. त्यांना काजी म्हणू लागले. शब्द शेजारच्या मुसलमान समाजाकडून आलेला. हे काजी गावोगाव फिरत, सुंता करत, लग्नं लावत, तंटे सोडवत. काजीपण पुढे वंशपरंपरेने चाललं.

इथे थोडं थांबू. ही माशांची परीक्षा तर्काच्या कसोटीला उतरते का? एकटी घेतली तर नाही उतरत. बिनखवल्याची मासळी न खाणारे लोक दुसऱ्या कारणानेही असू शकतात. पण शनिवार, आठवा दिवस, 'शमा' आणि मासे या चार गोष्टी एकाच घरात सापडल्या, तर मग योगायोग म्हणणं कठीण होतं. न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर एकेक लिंग दुबळं आहे, सगळी मिळून अनुमान बळकट होतं. राहाबीला बाकीच्या तीन गोष्टी आधीच दिसल्या असणार. मासे ही शेवटची खूण.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. माहीत असणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं. त्या बायकांना नियम माहीत नव्हता. तो कुठल्या ग्रंथात आहे, कुणी सांगितला, का सांगितला, यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. पण हातांना ठाऊक होतं. शेकडो वर्षं तो नियम सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे गेला होता, एक अक्षर न लिहिता. पुढे काजी झाले ते पुरुष, शिकवलं गेलं ते पुरुषांना, तीन घराण्यांची नावं राहिली तीही पुरुषांची. ज्यांच्या सुपात आणि विळीवर पुरावा सापडला, त्या बायकांचं एकीचंही नाव कथेत नाही.

आता इतिहासाचा प्रश्न. हा राहाबी होता कोण? समाजाची परंपरा त्याला फार मागे नेते, आठशे-नऊशे वर्षांपूर्वी. पण राहाबी हे कोचीनमधल्या एका प्रसिद्ध ज्यू घराण्याचं नाव आहे. एझिकेल राहाबी, 1694 ते 1771, हे डच ईस्ट इंडिया कंपनीचे मलबारातले मुख्य व्यापारी होते. त्यांचा मुलगा दावीद, 1721 ते 1791. काही अभ्यासक म्हणतात, हाच आपला दावीद राहाबी. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून जे शिक्षक आले त्यांतही एक दावीद बारूख राहाबी होता. तेव्हा दोन-तीन माणसांच्या आठवणी एका नावाखाली जमा झाल्या असणंही शक्य आहे.

लेखी पुरावे मोजके आहेत. 1738 मध्ये मद्रासच्या सार्टोरियस या मिशनऱ्याने सुरत आणि राजापूरकडच्या बेने इस्राएल लोकांबद्दल ऐकीव माहिती लिहून ठेवली. त्यांना बायबल माहीत नाही, 'शमा' तेवढा येतो, असं तो म्हणतो. 1768 मध्ये एझिकेल राहाबींनी टोबियस बोआस यांना पत्र लिहिलं. मराठ्यांच्या मुलखात पसरलेले, तेल काढणारे, काही शिपाईगिरी करणारे, शनिवारी विसावा घेणारे आणि 'शमा'पलीकडे काही न जाणणारे असे हे लोक आहेत, असं त्यात आहे. ध्यानात घ्या, हे सगळे कागद बाहेरच्यांनी लिहिलेले. समाजाच्या स्वतःच्या हातचं त्या काळातलं काही नाही. पण एवढं ठरतं की 18व्या शतकाच्या मध्याला कोचीनच्या ज्यूंना कोकणातले हे भाऊबंद माहीत होते.

नेमक्या याच काळात, इथून हजारो मैलांवर, पूर्व युरोपातल्या पोडोलिया प्रांतात एक ज्यू गुरू होऊन गेला. त्याचं नाव इस्राएल बेन एलिएझर, पण लोक त्याला बाल शेम तोव म्हणत, म्हणजे शुभनामाचा धनी. जन्म 1700च्या सुमारास, मृत्यू 1760 साली. ज्यूंमधला हसिदी पंथ आपला उगम त्याच्याकडे नेतो. त्याला इथे आणायचं कारण असं, की त्यानेही तोच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारला.

तिकडे ग्रंथांची वाण नव्हती. उलट ग्रंथ इतके, की तालमूद ज्याला येतो तोच खरा ज्यू आणि बाकीचे गाडीवाले, खाणावळवाले, लाकूडतोडे म्हणजे खालच्या पायरीवरचे, अशी समजूत रुजली होती. बाल शेम तोवने सांगितलं की देव सगळीकडे भरलेला आहे. खाणं, पिणं, धंदा, गाणं, यांतूनही त्याला चिकटून राहता येतं. या चिकटून राहण्याला त्यांचा शब्द 'द्वेकूत'. मन लावून केलेली अडाण्याची प्रार्थना पंडिताच्या कोरड्या पाठांतरापेक्षा वर पोचते. हसिदी लोकांत एक गोष्ट सांगतात. योम किप्पूरच्या दिवशी एका खेडुताच्या अक्षरशून्य मुलाला प्रार्थना येईना. त्याने खिशातला पावा काढून वाजवला. सगळे त्याच्यावर ओरडले, पण गुरू म्हणाला की आमच्या सगळ्यांच्या प्रार्थना या पोरानेच वर नेल्या.

वारकऱ्यांच्या मुलखात वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पण तिकडे नवल होतं, आणि रागही होता. 1772 मध्ये विल्नाच्या विद्वानांनी हसिदी लोकांवर बहिष्कार घातला.

बाल शेम तोवच्या बाबतीतही कथा आणि इतिहास यांची हीच गुंतागुंत आहे. त्याने ग्रंथ लिहिला नाही. मेहुण्याला लिहिलेलं एक पत्र 1781 मध्ये छापलं गेलं, आणि त्याच्या कथांचा संग्रह 1814 मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर 54 वर्षांनी. आपल्याकडच्या लीळाचरित्राची आठवण होते. तेही चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी आठवणी गोळा करून सिद्ध केलं, पण ते काम पाठोपाठ झालं, इतका काळ मध्ये गेला नाही. काही लोक तर म्हणू लागले होते की बाल शेम तोव हा माणूसच कल्पित असेल. मग मोशे रोझमन या इतिहासकाराने मेझिबुझ गावचे पोलिश जमीनदारीचे महसुली कागद तपासले. त्यात तो सापडला, समाजाच्या मालकीच्या घरात राहणारा, करमाफी असलेला. देवाशी बोलणाऱ्या माणसाचा पुरावा सापडला कुठे, तर घरपट्टीच्या वहीत! राहाबीसाठी अशी वही आजवर मिळालेली नाही.

दोघांना शेजारी ठेवलं की फरकही दिसतो. बाल शेम तोव पुस्तकांच्या गर्दीतून लोकांना भक्तीकडे नेत होता. राहाबी भक्ती शिल्लक असलेल्यांना पुस्तकाकडे नेत होता. दिशा उलट्या, पण सुरुवात एकच: समोरचा अडाणी माणूस रिकामा नाही, त्याच्याजवळ काहीतरी आहे, हे आधी मान्य करायचं. राहाबीचं मोठेपण त्याने काय शिकवलं यात फारसं नाही. शिकवण्याआधी तो बघायला थांबला, यात आहे.

पुढचा इतिहास पुस्तकाकडच्या वाटेचा आहे. सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे इंग्रजांच्या फौजेतले अधिकारी. मराठी नाव सामाजी हसाजी दिवेकर. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी 1796 साली मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. समाजातले लोक त्याला मशीदच म्हणत. मग कोचीनहून शिक्षक आले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही हातभार लावला, अर्थात आपल्या हेतूने. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. धर्मांतर व्हावं म्हणून दिलेलं हे शिक्षण लोकांनी आपलाच धर्म नीट वाचायला वापरलं. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. नाव पाहा, राजपूरकर, काजींच्या तीन घराण्यांपैकी एका घराण्याचं. आणि 1880 मध्ये मुंबईत कीर्तनोत्तेजक इस्राएल मंडळी निघाली. अब्राहामाची, योसेफाची आख्यानं मराठी कीर्तनात आली. या कामात पुढे होते बेंजामिन शिमशोन अष्टमकर. आपल्या अष्टमीचं नाव लावणारे.

इकडे जिल्ह्यात रेवदंडा, अलिबाग, पनवेल इथे सिनेगॉग उभी राहिली. पेणचं 1863 सालचं. बिरड्याचा सण हळूहळू 'तिशा बआव' झाला, दारफाळणीचं योम किप्पूर झालं. ज्ञान आलं, आणि ज्ञानाबरोबर जुनी नावं मागे पडली. यात दोष कुणाचा नाही. पण मलिदा राहिला. गोड पोहे, नारळ, फळं ताटात मांडून एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने करायचा विधी. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण खडकावर आहे अशी श्रद्धा आहे, तिथे आजही लोक नवस फेडायला येतात. हसिदी कथांतही हाच एलियाहू वेष पालटून गोरगरिबांच्या दारी येतो. तो पोडोलियातही गेला आणि कोकणातही आला, असं म्हणायला हरकत नाही.

आता शेवटचा भाग, आणि तो तितका गोड नाही. 1948 च्या सुमारास भारतात हा समाज 20,000च्या आसपास होता. इस्राएल राष्ट्र झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. इथे त्यांना कुणी हाकललं नव्हतं, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरं आहे. पण तिकडे गेल्यावर त्यांची पुन्हा परीक्षा झाली. 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला, की बेने इस्राएल माणसाचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावायचं असेल, तर आधी त्याच्या आईची, आजीची, त्याही मागची चौकशी करावी, त्या ज्यू होत्या का ते पाहावं. लोक रस्त्यावर आले, धरणी धरली. 1964 मध्ये तिथल्या संसदेने स्पष्ट सांगितलं की हे लोक सर्व अर्थांनी ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला आदेश बदलावा लागला.

दोन परीक्षा शेजारी ठेवून बघा. राहाबीने आजीच्या हातात मासा दिला आणि तिने काय केलं ते पाहिलं. धर्मपीठाने नातवाला विचारलं, तुझ्या आजीचा दाखला कुठे आहे? जिने लिहिता-वाचता न येता धर्म टिकवला, तिच्याच कागदाअभावी तिचा नातू संशयित ठरला.

आणि निव्वळ तिकडच्यांना बोल लावून चालणार नाही. खुद्द बेने इस्राएलांतही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. बाहेरच्या बायकांपासून झालेली संतती म्हणून काळ्यांशी रोटी-बेटी व्यवहार होत नसे. ही सवय त्यांनी कुणाकडून उचलली हे सांगायला संशोधन नको, आपण आपल्या गावाकडे बघावं. आपल्याकडेही एखादा माणूस आपला की परका हे ठरवताना आपण त्याचे दाखले आधी मागतो. तो रोज काय करतो, काय पाळतो, कशासाठी घाणा बंद ठेवतो, हे बघायला थांबत नाही.

एक विनंती करून थांबतो. तुमच्या घरात कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल, त्यांना विचारा. पेणमध्ये, रोह्यात, अष्टमीत तेल्याचा घाणा कुठे होता, शनिवारी तो बंद असायचा का, मलिद्याचा प्रसाद शेजारी यायचा का. जे सांगतील ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा, ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. 1738 आणि 1768 चे कागद दूरच्या माणसांनी लिहिले, म्हणून आपल्याला एवढं तरी कळलं. शेजाऱ्यांनी मात्र काहीच लिहून ठेवलं नाही, आणि ते शेजारी म्हणजे आपणच.

आता प्रश्न असतील तर अवश्य विचारा.